काळीवर पांढरी वसविण्याचा भुर्दंड

घर बांधण्यासाठी भूखंड घेऊ इच्छिणारा मध्यमवर्गीय गृहस्थ आपल्याकडे बहुधा दोन जाणत्यांचा सल्ला घेतो. वकील तीस वर्षांचे दस्त चाळून सांगतो की, हक्क निर्वेध आहे. वास्तुशास्त्राचा जाणकार होकायंत्र फिरवून सांगतो की, ईशान्य मोकळी आहे. या दोघांची दक्षिणा चुकती झाली की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठे उमटतात, मुद्रांक शुल्क भरले जाते, पेढे वाटले जातात. तिसरा जाणता, म्हणजे ज्याला खालच्या मातीतले काही कळते तो अभियंता, यानंतर येतो. तो खड्डा घेतो, खड्ड्यात डोकावतो, आणि तो जे सांगतो ते ऐकावयास विक्रेता तेथे नसतो. तो पैसे मोजून घेऊन केव्हाच निघून गेलेला असतो.

जमीन वाईट निघाली तर वाढीव खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न आपण असा न विचारताच सोडवून टाकला आहे. जो शेवटी आला त्याने सोसावयाचा! हा निकाल कोणत्या न्यायासनाने दिला, कोणत्या विधिमंडळाने संमत केला, असे विचारू गेल्यास उत्तर मिळत नाही. तो केवळ रिवाज आहे. आणि आज तो तपासून पाहण्याची वेळ आली आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ व २०२१ साली आणखी २३ गावे आली. त्यांतील दोन गावांची पुढे स्वतंत्र नगरपरिषद झाली, तरी उरलेल्या गावांतील शिवार भूखंडांत रूपांतरित होण्याचे काही थांबले नाही. गुंठेवारीचा २००१ चा कायदा २०२१ साली ताणून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करण्यात आला. २०२५ साली शासनाने एक गुंठ्यापर्यंतचे तुकडेही नियमित करण्याचे जाहीर केले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एवढ्याशा तुकड्यावर आयुष्याची पुंजी ओतणाऱ्या माणसाचा कागद उद्या नियमित होईल, त्याचा आम्हांस आनंदच आहे. पण नियमित होतो तो कागद. त्याखालची जमीन जशी होती तशीच राहते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानीत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गावठाण पांढरीवर वसवावे आणि काळीत नांगर घालावा, हा विभाग केवळ मातीच्या रंगाचा नव्हता. घराच्या भिंती तडकू नयेत म्हणून पिढ्यानुपिढ्या शिकलेला तो धडा होता. आज शहरे वाढली ती पांढरी ओलांडून काळीत शिरली. आम्ही शाळेत मुलांकडून 'कापसाची काळी कसदार माती' हे शब्द घोकून घेत असू; ती माती घराला मात्र वैरीण आहे, हे भूगोलाच्या त्या पुस्तकात कोठे लिहिलेले नसे.

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. पाणी मिळाले की ते फुगते, उन्हाळ्यात ते आकसते, आणि चैत्र-वैशाखात ज्या भेगांत हात घातला असता कोपरापर्यंत जातो त्या भेगा पडतात. वर्षातून एकदा जमीन अशी श्वास घेते व सोडते. तिच्यावर बसलेली मोठी, जड इमारत एक वेळ आपल्या वजनाने ती दाबून धरील. पण एकमजली बंगली, कुंपणाची भिंत, अंगणातली फरशी, ही हलकी बांधकामे तिच्याबरोबर वरखाली होतात. म्हणजे ज्याची ऐपत थोडी आणि ज्याचे घर लहान, त्यालाच हा जाच अधिक. यावर उपाय नाही असे नव्हे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले खांब या मातीसाठीच विकसित केले. खोल काळ्या जमिनीत ते निदान साडेतीन मीटर खाली न्यावे असे मानक सांगते. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकण मातीचा थर मध्ये घालण्याची युक्ती सिद्ध केली. उपाय आहेत, पण ते पैसे मागतात. आणि पैशाचा प्रश्न आला की कोणाच्या पैशाचा, हा प्रश्न आलाच.

येथे एका जुन्या दप्तराची आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात जी जमीनमोजणीची पद्धत घातली व १८४७ च्या संयुक्त अहवालात जिचे नियम पक्के झाले, तीत प्रत्येक शेतात ठिकठिकाणी खणून मातीची खोली हातांनी मोजीत. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी माती असेल तर ती सोळा आणे. जसजशी खोली कमी आणि पोत भरड तसतसे आणे कमी. शिवाय दोष निराळे नोंदवीत. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणे, ओघाने वाहून जाण्याची भीती, पाझराची अतिरिक्त ओल, असे सात दोष होते व प्रत्येकासाठी नकाशावर खूण होती. परक्या सरकारने हे केले ते रयतेच्या प्रेमाने नव्हे, सारा नीट वसूल व्हावा म्हणून. परंतु एकरी काही आण्यांच्या साऱ्यासाठी ज्या राज्यकर्त्यांनी हातभर माती खणून पाहिली, त्यांच्या जागी आलेले आपण तीच जमीन चौरस फुटाला हजारो रुपयांनी विकतो आणि तिच्यात पहारसुद्धा घालून पाहत नाही. गंमत अशी की, त्या प्रतबंदीत सोळा आण्यांची ठरलेली जमीनच पायासाठी सर्वांत हलकी, आणि जी माळरानाची म्हणून दोन-चार आण्यांत काढली ती मुरमाड जमीन घरासाठी उत्तम. शेत बिनशेती झाले की ही उलटापालट व्हावयास हवी होती. झाले ते एवढेच की, जुनी प्रतबंदी दप्तरात धूळ खात पडली आणि नवी कोणी केली नाही.

खर्च कसा वाढतो ते पाहू. समजा, एका गृहस्थाने दोन गुंठे, म्हणजे २,१७८ चौरस फूट जमीन घेतली. पाच फुटांवर मुरूम लागेल या समजुतीने त्याने घराचा अंदाज धरला, कर्ज मंजूर करून घेतले. प्रत्यक्षात मुरूम लागला पंधरा फुटांवर. खोदाई तिप्पट झाली, इतकेच नव्हे; खोल खड्ड्याच्या बाजू ढासळतात म्हणून तो रुंदही घ्यावा लागतो. खांबांची लांबी वाढते, लोखंड वाढते, उपसलेली काळी माती गाडीभाडे देऊन दूर टाकावी लागते, आणि जोत्यात भरण्यासाठी मुरूम विकत आणावा लागतो. मध्ये पावसाळा गाठला तर पाणी उपसण्याचा पंप दिवसरात्र चालतो. कंत्राटदाराला याचे सोयरसुतक नसते, व ते असावे असेही नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीतच मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक अशा थरांचे दर वेगवेगळे असतात. जेवढे खणले तेवढे बिल. मोठ्या कामांच्या जगात हा धोका कोणाचा हे आधी लिहून ठेवतात. 'फिडिक'च्या लाल पुस्तकात अकल्पित जमिनीचा भार मालकावर आहे. १९९९ च्या रुपेरी पुस्तकात तो कंत्राटदारावर टाकला, आणि मग कंत्राटदार आपला दर त्या प्रमाणात चढवूनच निविदा भरतो. धरण बांधणारे आणि बोगदे खणणारे जे आधी ठरवितात, ते दोन गुंठेवाल्याने ठरवू नये असे थोडेच आहे? मुद्रांक शुल्क मात्र त्याने पूर्ण किमतीवर भरलेले असते. पाया महाग पडला म्हणून त्यातला रुपयाही परत येत नाही.

कायदा काय म्हणतो? इंग्रजांच्या देशात जमिनीच्या अंगच्या दोषाबाबत 'घेणाऱ्याने सावध असावे' हे जुने सूत्र होते. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याहून एक पाऊल पुढे गेलेला आहे. कलम ५५ सांगते की, मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही, आणि जो सामान्य दक्षतेने त्याला कळण्यासारखा नाही, तो विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे. न केल्यास ती लबाडी समजली जाईल. वाचताना समाधान वाटते. पण याच कलमाच्या आरंभी 'करार उलट नसेल तर' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि आपल्या दस्तलेखकांनी ते कधीच हेरले आहेत. म्हणून कोणतेही खरेदीखत उघडा. 'मिळकत समक्ष पाहून, तिच्या स्थितीची खात्री करून, जशी आहे तशी घेतली आहे' हे वाक्य त्यात सापडेलच. घेणारा ते वाचत नाही. वाचले तरी त्याला वाटते, ही दस्ताची भाषा आहे, हक्क-वहिवाटीसारखी. वस्तुतः त्या एका ओळीत पंधरा फूट खोदाईची सही त्याने दिलेली असते.

तरीही सर्व दोष विक्रेत्याच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. दोषादोषांत भेद केला पाहिजे. काळी माती लपून राहत नाही. ती डोळ्यांना दिसते, पायाला चिकटते, शेजारच्या घराच्या भिंतीवरील तडे तिची साक्ष देतात. जो खरेदीदार लाखो रुपये मोजतो पण यंत्राने दोन तासांत होणारा एक चाचणी-खड्डा घेऊन पाहत नाही, त्याने 'मला फसविले' म्हणून गळा काढू नये. १८७२ च्या करार कायद्याचा सूरही असाच आहे. दुसरा केवळ मौन राहिला आणि सत्य साध्या प्रयत्नाने कळण्याजोगे होते, तर करार मोडून मागता येत नाही. अशा जमिनीचा भार खरेदीदाराचाच. मात्र तो त्याला किंमत ठरण्यापूर्वी कळावा, म्हणजे तो भावातून वजा करून मागता येईल. सौदा तोच की, ज्यात दोघांना वस्तू माहीत आहे.

भरावाची गोष्ट अगदी निराळी. बुजविलेली विहीर, वळविलेला ओढा, राडारोड्याने भरून वर हातभर मुरूम पसरलेली दगडखाण, ही वरून सपाट, कोरडी, मोहक दिसतात. किंबहुना चांगल्या जमिनीपेक्षा अधिक नीटनेटकी दिसतात! वाघोलीसारख्या दगडखाणींच्या टापूत शहर पसरू लागले आहे. तेथे कोणता खड्डा कशाने भरला हे वर उभे राहून कोणी सांगू शकणार नाही. एका कोपऱ्यात घेतलेला चाचणी-खड्डाही ते सांगेल असे नाही, कारण विहीर असते ती दुसऱ्या कोपऱ्यात. येथे ज्ञान एकाच पक्षाकडे असते, आणि ज्याच्याकडे ज्ञान त्याच्याकडे जबाबदारी, हाच न्याय. ज्याने भरले, किंवा भरलेले जाणून विकले, त्याने पायाचा वाढीव खर्च द्यावा, आणि 'जशी आहे तशी' या ओळीने त्याची सुटका होऊ नये. लबाडी उघडकीस आल्या दिवसापासून दाव्याची मुदत मोजावी, अशी तरतूद १९६३ च्या मुदत कायद्यात आहेच.

भराव म्हणजे केवळ खचणे असेही नाही. मुंबईत मालाडच्या बंद कचराभूमीच्या परिसरात टोलेजंग कार्यालये उभी राहिली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील संगणक अकाली बंद पडू लागले. खाली कुजणाऱ्या कचऱ्यातून येणारे वायू आतल्या तांब्या-चांदीच्या धाग्यांना खात होते. संगणक बदलता येतो. त्या हवेत दिवसभर बसणाऱ्या माणसाचे फुप्फुस बदलता येत नाही. अमेरिकेत नायगारा शहराच्या लव्ह कॅनॉलमध्ये याहून दारुण प्रकार घडला. हुकर कंपनीने १९४२ पासून तेथल्या अर्धवट कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक घाण गाडली, आणि १९५३ साली ती जमीन एका डॉलरला शिक्षण मंडळाच्या पदरात घातली. दस्ताच्या शेवटी कलम होते की, येथे रासायनिक कचरा पुरला आहे आणि पुढे काही इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही. आमच्या 'जशी आहे तशी'चेच हे सख्खे भावंड! तेथे शाळा झाली, भोवती घरे झाली; घरे घेणाऱ्यांपर्यंत ते कलम पोचले नाही. १९७८ साली राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. १९८० साली अमेरिकन काँग्रेसने घाण करणाऱ्याकडूनच सफाईचा खर्च वसूल करणारा कायदा केला, आणि १९९५ साली त्या कंपनीच्या वारस मालकाने सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. दस्तातले कलम कंपनीला तारू शकले नाही, हे आपल्या दस्तलेखकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सदनिका घेणाऱ्याला वाटते की, आपण या कटकटीतून सुटलो. काही अंशी ते खरे आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षांत संरचनेचा दोष आढळल्यास विकासकाने तो तीस दिवसांत, विनामूल्य दूर करावा असे ठरविले आहे. पण जमिनीला पाच वर्षांचे पंचांग ठाऊक नाही. भराव सावकाश बसतो, काळी माती आठ-दहा पावसाळे घेते, आणि सहाव्या वर्षी तडा गेला तर वर्गणी काढते ती गृहनिर्माण संस्था. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये विकासकाने कोणती कागदपत्रे दाखल करावी याची लांबलचक यादी आहे. तीत हक्क आहे, बोजे आहेत, मंजूर नकाशे आहेत, माती नाही. शिवाय पाचशे चौरस मीटरांच्या आतील जमिनीला, तसेच आठापर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही. ग्राहक न्यायालयाचे दारही अर्धेच उघडे आहे. रस्ते-गटारांच्या सोयींसह रेखांकनातला भूखंड विकणे ही सेवा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले, पण नुसती जमीन विकणे ही सेवा नव्हे. म्हणजे गुंठेवारीतला लहान माणूस, ज्याला आसऱ्याची सर्वाधिक गरज, तोच दोन्ही छत्रांच्या बाहेर उभा.

आणि काही वेळा किंमत मोजणारा जमिनीचा मालकही नसतो. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका वसाहतीची संरक्षक भिंत खालच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जीव गेले. पावसाने भिजलेली माती मागे आणि खोदलेली जमीन पुढे, अशी ती भिंत उभी होती. त्या मजुरांनी तेथे ना भूखंड घेतला होता, ना सदनिका.

येथे कोणी विचारील, मूळ विक्रेता तर शेतकरी. त्या बिचाऱ्यावर तुम्ही हा बोजा टाकणार काय? मुळीच नाही. शेतकरी एकरात विकतो, गुंठ्यात विकतो तो रेखांकन करणारा, आणि नफा त्या दोहोंच्या मधल्या अंतरात असतो. शेतकऱ्याला तर कोठे विहीर होती, कोठे पाणी तुंबते, कोणत्या बांधाखाली खडक आहे, हे सारे पाठ असते, आणि विचारले तर तो चहाच्या कपावर सांगून टाकतो. सातबाऱ्यावर विहिरीची नोंदही असते. ही माहिती रेखांकनाच्या रंगीत पत्रकापर्यंत का पोचत नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

आता महापालिकेकडे वळू, कारण या प्रकरणात सर्वांत मोठे मौन तिचे आहे. कचरा कोठे टाकला, कोणता नाला पाइपात घातला, कोणता ओढा वळविला, हे तिच्याच खात्यांनी केले आहे. उंच इमारतींच्या परवानगीबरोबर मातीचे अहवाल तिच्या नस्तीत येऊन पडतात; नागरिकांच्या पैशाने शहराच्या पोटाचा जणू नकाशाच तेथे तुकड्यातुकड्यांनी जमला आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय याच शहरात आहे. १९७२ पासून विहिरींची व थरांची माहिती गोळा करणे हे तिचे कामच आहे. हे सारे एकत्र करून सर्व्हे नंबरवार पाहावयास ठेवावे, यासाठी नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते. अपुरी माहिती प्रसिद्ध केल्यास कोर्टकज्जे होतील, ही सबब आम्ही अनेकदा ऐकली आहे. अपुरी म्हणून लिहा, पण लिहा. जागेचे भाव पडतील ही त्यामागची खरी भीती आहे, आणि वाईट जमिनीचा भाव पडणे यात वाईट काय आहे, हे आम्हांस अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

दुसरी मागणी रेखांकनाच्या मंजुरीसंबंधी आहे. रस्त्यांची रुंदी आणि मोकळ्या जागेचे प्रमाण तपासणाऱ्या नगररचना खात्याने ठरावीक अंतरावरचे चाचणी-खड्डे मागावे, आणि त्यांतील थरांची खोली प्रत्येक भूखंडाच्या साठेखतास जोडणे बंधनकारक करावे. त्या कागदावर दिलेल्या खोलीपेक्षा मुरूम बराच खाली निघाला, तर फरकाच्या खोदाईचा खर्च विकणाऱ्याने द्यावा, असे साधे कलम त्यात असावे. हीच अट सरकारी व निमसरकारी संस्थांच्या लिलावांनाही लागू व्हावी. 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर भूखंड विकण्यात त्या खासगी दलालांपेक्षा तसूभर मागे नाहीत. नोंदणी कचेरीतून मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यात मोबदल्याचा, बाजारभावाचा, क्षेत्रफळाचा, मुद्रांक शुल्काचा असे रकाने आज आहेत. 'कठीण थर किती फुटांवर' हा आणखी एक रकाना त्यात घालण्यास नोंदणी महानिरीक्षकांची कोणती अडचण आहे, ते त्यांनी जाहीर करावे.